कोलेस्टेरॉल ५१२ आणि वय वर्षं चार

मुलाला स्टिरॉईड चालू असताना रक्तातली चरबी वाढलेली दिसली की घरात पुढे काय होतं ते मला आता पाठ झालंय. रिपोर्टचा फोटो नातेवाईकांच्या ग्रुपवर जातो, कोणीतरी काका सांगतात की मला २३० होतं तेव्हाच डॉक्टरांनी गोळी चालू केली होती, आणि इथे तर पोराचं त्याच्या दुप्पट आहे, मग त्या रात्री घरात कोणी झोपत नाही. या वेळी अशी इतकी पत्रं आली की सगळं सदर याच विषयाला दिलंय. नावं काढून टाकलीत, रिपोर्टमधले आकडे तसेच ठेवलेत.

प्रश्न: मॅडम, माझा मुलगा चार वर्षांचा आहे. सकाळी उठला की डोळे सुजलेले दिसायचे, आम्हाला वाटलं ॲलर्जी असेल, आठ दिवस ॲलर्जीचं सिरप दिलं. मग पाय आणि पोट पण सुजलं तेव्हा ॲडमिट केलं, नेफ्रोटिक सिंड्रोम सांगितलं. त्या दिवशी अल्ब्युमिन १.६ आणि कोलेस्टेरॉल ५१२ होतं. आता स्टिरॉईड चालू करून तीन आठवडे झालेत, दहाव्या दिवसापासून लघवीतलं प्रोटीन बंद आहे. पण परवा परत तपासलं तर कोलेस्टेरॉल ३४० आलं. सासूबाई म्हणतात हे सगळं स्टिरॉईडने झालंय, गोळ्या बंद करा. एवढ्या लहान वयात हार्ट ॲटॅक येईल का? (एक आई, बार्शी)

उत्तर: ताई, आधी तुमच्याच पत्रातल्या तारखा परत एकदा बघा. ५१२ हा आकडा ॲडमिट केलं त्या दिवशीचा आहे, म्हणजे स्टिरॉईडची पहिली गोळी पोटात जायच्या आधीचा. आणि गोळ्या चालू झाल्यावर तीन आठवड्यांत तो ३४० वर आलाय. सासूबाईंना हेच दोन कागद शेजारी शेजारी ठेवून दाखवा, माझं नाव सांगायची पण गरज नाही.

आता हे होतं कशामुळे ते सांगते. किडनी म्हणजे चाळणी. या आजारात चाळणीची भोकं सैल होतात आणि रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन लघवीतून वाहून जातं, म्हणूनच लघवीला फेस येतो. अल्ब्युमिनचं एक मोठं काम म्हणजे पाणी रक्तवाहिनीत धरून ठेवणं, ते कमी पडलं की पाणी अंगात उतरतं आणि डोळे, पाय, पोट सुजतं, मुलांमध्ये तर लघवीची जागा पण सुजते आणि आयांना ते बघून रडू येतं. इकडे लिव्हरला कळतं की प्रोटीन कमी पडतंय, मग ते जोरात कामाला लागतं आणि अल्ब्युमिनसोबत चरबी वाहून नेणारे कण पण भराभर बनवतं. हे कण आकाराने मोठे, ते चाळणीतून फारसे गळत नाहीत, रक्तातच साठत जातात. त्यात भर म्हणजे रक्तातली चरबी फोडून पेशींना देणारं एक एन्झाइम असतं, लायपोप्रोटीन लायपेज, तेही या आजारात मंदावतं. म्हणजे माल जास्त बनतोय आणि उचल कमी होतेय. त्यामुळे अल्ब्युमिन जितकं खाली तितकं कोलेस्टेरॉल वर, असंच साधारण दिसतं.

स्टिरॉईडचा यात अजिबात हात नाही असं मी म्हणणार नाही, ते खोटं होईल. प्रेडनिसोलोनने, म्हणजे या स्टिरॉईडच्या गोळीने, भूक वाढते, वजन वाढतं, लिव्हर ट्रायग्लिसराईड नावाची चरबी जास्त बनवतं, इन्शुलिनचा परिणाम कमी होतो. त्यामुळे गळती थांबल्यावरही काही आठवडे आकडे थोडे वर राहतात. पण गळती थांबवणारं औषध तेच आहे ताई. या वयातल्या नेफ्रोटिकच्या दहातल्या आठ-नऊ मुलांची लघवी स्टिरॉईडने चार आठवड्यांत स्वच्छ होते, तुमच्या मुलाची दहाव्या दिवशीच झाली, ही किती चांगली बातमी आहे, आणि तुमच्या पत्रात ती एका ओळीत उरकलीय आणि कोलेस्टेरॉलवर अर्धं पान आहे.

हार्ट ॲटॅकचं म्हणाल तर नाही. रक्तवाहिनीत चरबी साठून ती अरुंद व्हायला वर्षानुवर्षं लागतात, दोन-तीन महिने वाढलेल्या कोलेस्टेरॉलने चार वर्षांच्या मुलाला हार्ट ॲटॅक येत नाही. सूज असताना खरी भीती दोन गोष्टींची असते. एक म्हणजे इन्फेक्शन, ताप आणि सोबत पोट खूप दुखतंय असं झालं तर पोटातल्या पाण्यात जंतू झालेले असू शकतात, तेव्हा सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच निघायचं. दुसरी रक्ताची गुठळी, म्हणजे एकच पाय अचानक जास्त सुजणं, जोरात डोकं दुखून उलट्या, झटका, श्वास लागणं. या गोष्टी कागदावर लिहून फ्रिजवर लावा, कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट फाइलमध्ये ठेवा.

आणि गोळ्या मधेच बंद करायच्या नाहीत, हे मी हात जोडून सांगते. पहिल्या वेळेस साधारण सहा आठवडे रोज आणि पुढे सहा आठवडे कमी डोस दिवसाआड असा कोर्स असतो. आपल्या प्रत्येक किडनीवर टोपीसारखी एक ग्रंथी बसलेली असते, ती शरीराचं स्वतःचं स्टिरॉईड बनवते. बाहेरून काही आठवडे गोळी मिळाली की ती ग्रंथी झोपी जाते. गोळी एकदम बंद केली तर बाहेरचंही नाही आणि आतलंही नाही. माझ्याकडे एक पाच वर्षांचा मुलगा असाच आला होता, मोबाईलवर फिरणारा एक मेसेज वाचून घरच्यांनी पाचव्या आठवड्यात गोळ्या थांबवल्या होत्या. आईच्या कडेवर मान टाकून पडलेला, सारख्या उलट्या, बीपी लागत नव्हतं, आणि मोजा काढला तर घोट्यावर इलॅस्टिकची खोल खाच, म्हणजे सूज पण परत आलेली. वाचला तो, पण चार दिवस आयसीयूत गेले. ती खाच मला अजून दिसते म्हणून इतकं लिहितेय.

रोज करायचं काम एकच, सकाळची पहिली लघवी घरी तपासणं. पट्टी मिळत असेल तर सोपं, पिवळ्याची हिरवी झाली की प्रोटीन आहे. पट्टी परवडत नसेल तर काचेच्या टेस्ट ट्यूबमध्ये दोन तृतीयांश लघवी घ्यायची, चिमट्याने तिरकी धरून वरचा भाग गरम करायचा, ढगाळ झाली तर दोन-चार थेंब पांढरं व्हिनेगर टाकायचं. ढग गेला तर काही नाही. राहिला तर ट्यूबच्या मागे छापील कागद धरून अक्षरं वाचता येतात का बघायचं, अक्षरं दिसेनाशी झाली किंवा खाली गुठळ्या बसल्या तर प्रोटीन भरपूर जातंय. वहीत तारीख आणि रिझल्ट लिहायचा. सलग तीन दिवस थ्री प्लस किंवा फोर प्लस, म्हणजे भरपूर प्रोटीन, आलं तर आजार उलटलाय असं समजून डॉक्टरांना फोन करायचा, अंगावर सूज यायची वाट बघायची नाही. ही वही नीट ठेवणाऱ्या घरातलं मूल सुजायच्या आधीच माझ्यापर्यंत पोचतं.

कोलेस्टेरॉल आता लगेच परत तपासू नका. कोर्स संपून दोन-तीन महिने झाले की एकदा बघू. बहुतेक मुलांचं तोपर्यंत जागेवर आलेलं असतं.

प्रश्न: माझ्या नातवाला हाच आजार आहे, वय सहा. कोलेस्टेरॉल वाढलंय म्हणून आम्ही तेल, तूप, अंडं, दूध, शेंगदाणे सगळं बंद केलंय, फक्त पेज आणि उकडलेल्या भाज्या देतो. पण तो दिवसभर खायला मागतो, रात्री उठून डबे उघडतो, नाही म्हटलं तर रडतो. काय करावं? (एक आजी, कराड)

उत्तर: आजी, त्याला रागावू नका, ती भूक त्याची नाही, औषधाची आहे. स्टिरॉईडची भूक खरी असते, पोट भरलेलं असलं तरी मेंदू सांगत राहतो की खा. दिवसाआड गोळी चालू झाली की ती आपोआप उतरते.

आधी जे बंद केलंय ते परत चालू करा. हे कोलेस्टेरॉल ताटातून आलेलं नाही, लिव्हरने बनवलेलं आहे, त्यामुळे अंडं बंद करून ते फारसं हलत नाही आणि वाढत्या मुलाचं मात्र नुकसान होतं, त्याच्या लघवीतून प्रोटीन गेलंय आणि आपण ताटातलंही काढून घेतलं तर स्नायू कसे राहतील? वरण, उसळ, दूध, दही, अंडं, मासे खात असाल तर मासे, हे सगळं त्याच्या वयाच्या मुलाला जितकं लागतं तितकं द्या. मुद्दाम दुप्पट प्रोटीन, डब्यातल्या महागड्या पावडरी याची पण गरज नाही, किडनी गळत असताना जास्त प्रोटीन दिलं म्हणून अल्ब्युमिन वाढत नाही. भाकरीवर चमचाभर घरचं तूप चालतं. डालडा, बेकरीची खारी, नानकटाई, तळून परत तळलेल्या तेलातली भजी-वडे हे मात्र नको.

सूज असेपर्यंत खरी काळजी मिठाची. स्टिरॉईड आणि हा आजार दोन्ही मीठ अंगात धरून ठेवतात, सूज वाढते, बीपी वाढतं. भाजीतलं मीठ कमी करतात लोक पण पापड, लोणचं, फरसाण, वेफर्स, पाकिटातले नूडल्स, चटणीत टाकलेलं वरचं मीठ हे कोणी मोजत नाही. पाकिटातल्या नूडल्सच्या मसाल्यात तर मीठ भरपूर असतं. सूज उतरली की घरातल्या सगळ्यांसारखं साधं जेवण, वेगळं अळणी शिजवायची गरज नाही.

रात्रीच्या डब्यांचं असं करा, त्याच्या हाताला लागेल असा एक डबा ठेवा, त्यात बिनमिठाचे फुटाणे, मुरमुरे, काकडी-गाजराचे तुकडे, एखादं सफरचंद किंवा पेरू. बिस्किटं, साखर, सरबतं, पाकिटातले ज्यूस वरच्या फळीवर सुद्धा नको, घरातच नको, कारण स्टिरॉईड चालू असताना ट्रायग्लिसराईड वाढवायला तुपापेक्षा साखर आणि मैदा जास्त हातभार लावतात. भाऊ-बहीण असतील तर त्यांनाही तेच, एकाच्या ताटात जिलबी आणि दुसऱ्याच्या ताटात काकडी असं करू नका. दर रविवारी एकाच काट्यावर वजन करून लिहून ठेवा. गोळी सकाळी नाश्त्यानंतर, कडू लागते म्हणून थुंकत असेल तर चुरा करून केळ्याच्या घासात द्या.

प्रश्न: माझी मुलगी साडेनऊ वर्षांची आहे. दोन वर्षांत नेफ्रोटिक पाच वेळा उलटला. आता चार महिने लघवी स्वच्छ आहे, दिवसाआड अगदी कमी स्टिरॉईड आहे, तरी एलडीएल १६८ येतं. माझ्या मिस्टरांना ४१ व्या वर्षी हार्ट ॲटॅक येऊन गेलाय. मुलीला कोलेस्टेरॉलची गोळी द्यावी का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: बरं झालं तुम्ही शेवटचं वाक्य लिहिलं. वरच्या आईला मी आकडे बाजूला ठेवा म्हटलं, तुम्हाला नाही म्हणणार.

लघवी स्वच्छ आहे, अल्ब्युमिन नॉर्मल असेल, स्टिरॉईड कमी आहे, आणि तरी एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, खाली येत नसेल तर कारण दुसरीकडे शोधायला हवं. मुलांमध्ये एलडीएल ११० च्या खाली असलेलं बरं, १३० च्या वर जास्त समजतात. एकूण कोलेस्टेरॉल १७० च्या खाली हवं आणि २०० पासून पुढे जास्त. लॅबच्या कागदावर उजवीकडे बहुतेक मोठ्या माणसांचे आकडे छापलेले असतात, त्यावरून मुलाचं ठरवू नका. तुमच्या घरात वडिलांना इतक्या कमी वयात ॲटॅक आलाय म्हणजे रक्तातल्या चरबीचा आनुवंशिक आजार असू शकतो, त्याला फॅमिलिअल हायपरकोलेस्टेरोलेमिया म्हणतात. हा काही दुर्मिळ नाही, साधारण अडीचशे-तीनशे माणसांत एकाला असतो, आणि आई-वडिलांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाला यायची शक्यता निम्मी. तेव्हा मिस्टरांचे ॲटॅकच्या वेळचे जुने रिपोर्ट शोधा, गोळी चालू व्हायच्या आधीचं एलडीएल किती होतं ते बघा, आणि मुलीला भाऊ-बहीण असतील तर त्यांचं पण एकदा तपासा.

सोबत थायरॉईड बघायला सांगा. नेफ्रोटिकमध्ये लघवीतून थायरॉईडचं वाहक प्रोटीनही जातं, सारखा उलटणाऱ्या मुलांमध्ये थायरॉईड कमी सापडू शकतं आणि तेही कोलेस्टेरॉल वाढवतं. आणि मुलीला सायक्लोस्पोरिन हे प्रतिकारशक्ती आवरणारं औषध चालू आहे का ते पत्रात नाहीये, त्यानेही लिपिड, म्हणजे रक्तातली चरबी, वाढतात.

गोळीचं म्हणजे स्टॅटिनचं. नेफ्रोटिक स्टिरॉईडने बरा होतो अशा मुलांना आम्ही स्टॅटिन देत नाही, कारण आकडे आपोआप उतरतात. ज्यांना स्टिरॉईड लागूच पडत नाही, अल्ब्युमिन वर्षभर खालीच, एलडीएल सतत १३० च्या वर, अशांच्या बाबतीत किडनीचे डॉक्टर विचार करतात. आनुवंशिक आजार निघाला तर आठ ते दहा वर्षांपासून स्टॅटिन देता येतं, आणि वेळेत चालू केलं तर वडिलांच्या वाटेला आलं ते मुलीच्या वाटेला यायची शक्यता खूप कमी होते. पण हे बाल किडनीतज्ज्ञ आणि हृदयाचे डॉक्टर दोघांनी मिळून ठरवायचं, मेडिकलमधून मिस्टरांच्याच पट्टीतली अर्धी गोळी तोडून द्यायची नाही, असं करणारी माणसं मी पाहिली आहेत म्हणून लिहिते.

एक अजून. दोन वर्षांत पाच वेळा उलटणं म्हणजे स्टिरॉईडचा एकूण डोस बराच झाला. लेव्हामिसोल, मायकोफेनोलेट अशी स्टिरॉईड वाचवणारी औषधं असतात, कधी रिटुक्सिमॅबचं इंजेक्शन असतं. कोणतं योग्य ते तिचे डॉक्टर सांगतील, पण पुढच्या भेटीत हा विषय तुम्ही स्वतःहून काढा. उंची मोजून घ्या, वर्षातून एकदा डोळे तपासून घ्या, मोतीबिंदूसाठी. बीपी प्रत्येक भेटीला.

प्रश्न: आमच्या मुलीला, वय आठ, अंगाला खाज आणि दम लागायचा. एका ठिकाणी पुडीचं औषध मिळतं, पूर्ण आयुर्वेदिक म्हणून सांगितलं, महिनाभरात एकदम फरक पडला. सात महिने चालू आहे. आता चेहरा गोल झालाय, कपाळावर बारीक लव आलीय, पोटावर जांभळ्या रेषा आहेत. शाळेच्या तपासणीत कोलेस्टेरॉल २४५ आणि ट्रायग्लिसराईड २१० आलं. शाळेचे डॉक्टर म्हणाले स्टिरॉईड चालू आहे का, आम्ही नाही म्हणालो. (आई-बाबा, लातूर जिल्हा)

उत्तर: मला वाटतं उत्तर हो आहे, तुम्हाला ते कोणी सांगितलं नाही एवढंच.

गोल चेहरा, कपाळावरची लव, जांभळ्या रेषा, वाढलेलं ट्रायग्लिसराईड, आणि महिनाभरात जादू झाल्यासारखा फरक, हे सगळं एकत्र आलं की पुडीत स्टिरॉईडची गोळी कुटून टाकलेली असण्याची दाट शक्यता असते. अशा बिनलेबलच्या पुड्यांमध्ये डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन सापडणं आम्हा डॉक्टरांना नवीन नाही. मला याचा मनापासून संताप येतो. कारण नेफ्रोटिकच्या मुलाला आम्ही स्टिरॉईड देतो तेव्हा डोस माहीत असतो, किती दिवस ते माहीत असतं, बीपी आणि साखर बघत असतो, आणि इथे आठ वर्षांच्या मुलीला सात महिने काय आणि किती दिलं हे कोणालाच माहीत नाही.

आता राग बाजूला ठेवून ऐका. पुडी उद्यापासून एकदम बंद करू नका. वर लिहिलंय तसं तिची स्वतःची ग्रंथी झोपलेली असणार. उरलेल्या पुड्या आणि जुने रिकामे कागद पिशवीत घालून दोन दिवसांच्या आत बालरोगतज्ज्ञांकडे जा. ते सकाळी आठच्या सुमारास रक्तातलं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टिरॉईड, तपासतील, पुडीच्या जागी माहीत असलेल्या डोसचं औषध देऊन ते हळूहळू, कदाचित काही महिने घेऊन उतरवतील. या काळात जोराचा ताप, उलट्या, अपघात, ऑपरेशन काही झालं तर ज्या कुठल्या डॉक्टरकडे जाल तिथे पहिलं वाक्य हेच सांगायचं की हिला स्टिरॉईड चालू होतं, कारण तेव्हा डोस वाढवावा लागतो. कांजिण्या झालेल्या मुलाजवळ गेली तर लगेच कळवा. गोवर-कांजिण्यांसारख्या जिवंत लसी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.

दाराच्या चौकटीवर तुम्ही तिची उंची लिहीत असाल, बऱ्याच घरांत लिहितात. सात महिन्यांपूर्वीची रेघ आणि आत्ताची रेघ बघा. दोन्ही एकाच जागी असतील तर ते पण डॉक्टरांना सांगा. स्टिरॉईड उतरलं की उंची परत वाढायला लागते, कोलेस्टेरॉल उतरतं, चेहरा उतरतो. दम्यासाठी तिला पंप लागेल, त्याला घाबरू नका, पुढचंच पत्र त्याबद्दल आहे.

प्रश्न: पाच वर्षांच्या मुलाला दम्यासाठी स्टिरॉईडचा पंप दिलाय. त्याने कोलेस्टेरॉल वाढेल का? सवय लागेल का? (एक बाबा, पिंपरी)

उत्तर: नाही आणि नाही. पंपातलं औषध मायक्रोग्रॅममध्ये असतं. दिवसाला २०० मायक्रोग्रॅम म्हणजे ०.२ मिलिग्रॅम, आणि दम्याचा मोठा अटॅक आल्यावर द्याव्या लागणाऱ्या गोळ्या दिवसाला २० मिलिग्रॅमपर्यंत जातात, म्हणजे शंभर पट. औषध थेट छातीत जातं, रक्तात थोडंसंच उतरतं. नेहमीच्या डोसला लिपिड तपासायची गरज नाही. पंपाला स्पेसर, म्हणजे औषध धरून ठेवणारी नळी, लावून द्या, नंतर चूळ भरायला लावा, नाहीतर तोंडात पांढरा थर येतो. पंप बंद ठेवून वर्षातून चार वेळा गोळ्या घ्यायला लागणं हे जास्त वाईट.

प्रश्न: माझ्या सात वर्षांच्या मुलीला ब्लड कॅन्सर आहे, ट्रीटमेंटचा पहिला महिना चालू आहे, डेक्सामेथासोन आणि ॲस्पॅराजिनेजची इंजेक्शनं. रक्त काढलं तेव्हा टेक्निशियन म्हणाला वरचा भाग दुधासारखा दिसतोय. ट्रायग्लिसराईड १८४० आलं, आणि सोडियम १२८. कोणीतरी म्हणालं मीठ-पाणी पाजा. खूप घाबरलोय. (एक बाबा, सध्या मुंबईत)

उत्तर: दादा, मीठ-पाणी पाजू नका. रक्तात एवढी चरबी तरंगत असेल तर लॅबच्या मशीनला सोडियम खोटं कमी दिसू शकतं, कारण नमुन्यातली बरीच जागा चरबीनेच अडवलेली असते. ब्लड गॅसच्या मशीनवर परत बघितलं की खरा आकडा कळतो. वॉर्डमधल्या डॉक्टरांना एवढंच म्हणा की सॅम्पल दुधासारखं होतं, सोडियम गॅसवर बघता का, त्यांना लगेच समजेल.

ट्रायग्लिसराईड इतकं वाढणं या दोन औषधांच्या जोडीने होतं. स्टिरॉईडने लिव्हर जास्त चरबी सोडतं आणि ॲस्पॅराजिनेजने ती साफ करणारं एन्झाइम अडतं. हजाराच्या वर गेलेले आकडे कॅन्सरच्या डॉक्टरांनी पाहिलेले असतात, औषध संपलं की बहुतेक मुलांचे काही आठवड्यांत खाली येतात, आणि फक्त आकड्यासाठी कॅन्सरची ट्रीटमेंट सहसा थांबवत नाहीत. तोपर्यंत काही दिवस कमी तेलाचं जेवण, कधी एखादं औषध, ते वॉर्डमध्ये सांगतील तसं. तुम्ही बसल्या जागी एकच लक्ष ठेवायचं, वरच्या पोटात दुखून पाठीत जातंय आणि उलट्या होतायत असं झालं तर त्याच मिनिटाला सिस्टरना हाक मारा, स्वादुपिंडाला सूज आलेली असू शकते. तपासणी उपाशीपोटी झाली होती का तेही विचारा, ट्रायग्लिसराईड जेवणानंतर वर जातंच.

तुम्ही गाव सोडून तिथे राहताय, जेवायची-झोपायची सोय असेल-नसेल, तरी रोजचा प्रत्येक आकडा वहीत लिहिताय हे पत्रावरून कळलं. ती वही सोडू नका.

प्रश्न: मुलगा सतरा वर्षांचा, जिमला जातो. तिथे कोणीतरी स्टिरॉईडच्या गोळ्या देतं. डॉक्टर पण मुलांना स्टिरॉईड देतातच ना, मग काय होतं, असं तो म्हणतो. (एक आई, ठाणे)

उत्तर: नाव एक आहे, औषध वेगळं. डॉक्टर देतात ते सूज आणि बिघडलेली प्रतिकारशक्ती आवरणारं, जिममधलं पुरुष हार्मोनसारखं. त्याच्या गोळ्यांनी चांगलं कोलेस्टेरॉल, एचडीएल, खूप खाली पडतं आणि एलडीएल वर जातं, लिव्हरला त्रास होतो, अंडकोष लहान होतात, आणि उंची वाढायची राहिली असेल तर हाडांची टोकं लवकर बंद होऊन तीही थांबते. त्याला घेऊन डॉक्टरकडे जा, डॉक्टरांना त्याच्याशी एकट्याशी बोलू द्या, लिपिड आणि लिव्हरची तपासणी करून तो कागद त्याच्याच हातात द्या. ओरडून गोळ्या बंद होत नाहीत, लपून चालू राहतात.

प्रश्न: डॉक्टर, मी अकरा वर्षांचा आहे. मला नेफ्रोटिक आहे. गोळ्यांनी माझा चेहरा फुगलाय, वर्गात मुलं चिडवतात. कोलेस्टेरॉल आहे म्हणून मी वाढदिवसाला केक पण खाल्ला नाही. हे परत पहिल्यासारखं होईल का? आईला न सांगता लिहितोय. (सातारा)

उत्तर: होईल. गोळ्या कमी झाल्या की आधी गाल उतरतात, मग पोट. महिना-दोन महिन्यांत तुला आरशात फरक दिसायला लागेल, पूर्ण उतरायला अजून थोडे महिने लागतील. आज एक फोटो काढून ठेव आणि दर महिन्याच्या एक तारखेला त्याच जागी उभं राहून एक काढ, रोज आरशात बघितलं की फरक कळत नाही, फोटोत कळतो. वाढदिवसाचा एक तुकडा केक खाल्ल्याने तुझं कोलेस्टेरॉल वाढणार नव्हतं, पुढच्या वेळी खा, रोज मात्र नको. सूज नसेल तर क्रिकेट खेळ, धाव, सायकल चालव, त्याने हाडं घट्ट राहतात. गोळी चुकवू नको. चिडवण्याचं बाईंना सांग, आणि हे पत्र आईला दाखव, ती रागावणार नाही. सहा महिन्यांनी पहिला आणि शेवटचा फोटो मला पाठव, मला खरंच बघायचाय.